शंभराव्या भागाचे डॉक्टर

"शनिवार म्हणजे पुढचा ना?" डॉक्टर केळकर फोनवर म्हणाले.

मी सभागृहाच्या मागच्या जिन्यात उभी होते. पावणेपाच वाजले होते. आत एकशे ऐंशी खुर्च्या भरून लोक भिंतीला टेकून उभे राहिले होते. व्यासपीठावर दोन कोच, दोन माइक आणि मागे भलामोठा फलक होता: 'स्मरणशक्ती कशी वाढवावी? प्रसिद्ध मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. निरंजन केळकर यांच्याशी थेट गप्पा.'

"आजचा, डॉक्टर," मी म्हणाले. "तुम्हाला परवा मेसेजही केला होता."

"अरे! माझ्या डोक्यात पुढचा शनिवार पक्का बसलाय. मी नागपुरातच आहे हो, भाचीच्या मुलाच्या बारशाला. आत्ता निघालो तरी अकोल्यात पोचायला दहा वाजतील." पलीकडे कुणीतरी त्यांना जिलबीचा आग्रह करत होतं. "तुम्ही असं करा, वेळ मारून न्या. तुम्ही छान बोलता."

फोन बंद झाला.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलं होतं आणि 'डोक्यात काय?' नावाचा पॉडकास्ट चालवत होते. आईच्या साड्यांच्या कपाटात डोकं घालून मी रेकॉर्डिंग करायचे, कारण साड्यांमुळे आवाज घुमत नाही. मेंदू, झोप, ताण, आहार, जे काही इंग्रजीत वाचायला मिळेल ते मी मराठीत सांगायचे. प्रत्येक भागाची सुरुवात ठरलेली: "अमेरिकेतल्या एका विद्यापीठात उंदरांवर झालेल्या प्रयोगात असं दिसून आलंय की..." आई बाहेरून विचारायची, "काय म्हणतात उंदीर? बरे आहेत ना?"

सांगितलेलं सगळं मी स्वतः करूनही बघायचे. डाव्या हातानं दात घासून माझी हिरडी सोलवटली होती. थंड पाण्याच्या आंघोळीनं मेंदू तल्लख होतो असं एका भागात ठासून सांगितलं, पण तो मे महिना होता आणि अकोल्यात मे महिन्यात टाकीतलं पाणी चहासारखं येतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाई, थंड पाणी कुठं मिळते तेवढं पुढच्या भागात सांग."

तरी लोक ऐकायचे. पाच हजारांवर लोक. आणि मग पुण्याच्या एका कंपनीचा फोन आला. त्यांचं 'मेधाझेप' नावाचं चूर्ण होतं, एक चमचा सकाळी दुधातून. गेले आठ भाग मी मध्येच थांबून म्हणत होते, "मी स्वतः रोज मेधाझेप घेते." खरं सांगायचं तर तीन दिवस घेतलं होतं. चौथ्या दिवशी छातीत अशी जळजळ झाली की डबा फ्रिजवर गेला तो गेलाच.

शंभरावा भाग लोकांसमोर करायचा, कंपनी सभागृह घेईल, आणि तो नीट झाला तर वर्षभराचा करार, असं ठरलं होतं. करार झाला नाही तर काय, तेही ठरलं होतं. बाबांनी बी.एड.चा फॉर्म आणून देवघरात गणपतीसमोर ठेवला होता. रोज पूजा करताना त्याच्यावरचं फूल तेवढं बदलायचे.

तर मी जिन्यात उभी, हातात बंद फोन, आणि आतून एकदम टाळ्यांचा आवाज आला.

मी धावत आत गेले. मधल्या वाटेनं एक उंच, सावळे, पांढऱ्या केसांचे गृहस्थ सावकाश चालत येत होते. अंगात पांढरा एप्रन, नाकावर चष्मा, दोन्ही हातांत लाल फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी, तेही असं जपून धरलेलं की जणू तान्हं मूल आहे. लोक उठून उभे राहत होते. ते एका जागी थांबले, मागे वळून पाहिलं, आपल्यामागून कोण येतंय ते बघायला. मागे कुणी नव्हतं.

कंपनीचे पराग जोगळेकर पुण्याहून आले होते. त्यांनी पुढे होऊन गृहस्थांच्या गळ्यात शाल घातली, काखेत गुच्छ कोंबला आणि माइकवर म्हणाले, "डॉक्टरसाहेबांचं मेधाझेप परिवारातर्फे हार्दिक स्वागत!"

ते सुखदेव तायडे होते. सरकारी मेडिकल कॉलेजातल्या शरीररचना विभागात चौतीस वर्षं नोकरी केलेले परिचर. मी तिथल्या मॅडमना मेंदूचं प्लास्टरचं मॉडेल मागितलं होतं, आणि मॅडमनी अट घातली होती की मॉडेल तायडेकाका आणतील आणि तेच परत नेतील. त्या मॉडेलचे आठ तुकडे सुटे होतात आणि तायडेकाकांशिवाय ते कुणालाच परत जुळवता येत नाहीत, असं त्या म्हणाल्या होत्या.

मी त्यांना हाताला धरून पडद्याआड नेलं.

"ताई, हे काय होऊन राह्यलं?" ते शालीकडे बघत म्हणाले. "मॉडेल ठिवायचं कुठं ते सांगा न. माह्या हाताले कळ लागली."

मी त्यांना सगळं सांगितलं. डॉक्टर, बारसं, करार. बी.एड.सुद्धा सांगितलं. मग म्हणाले, "काका, फक्त एक तास. तुम्ही नुसते बसा. तुम्ही डॉक्टर आहात असं मी म्हणणार नाही. तुम्ही नाही असंही म्हणू नका. बोलेन मीच."

त्यांनी चष्मा काढून एप्रनच्या टोकाला पुसला. "खोटं मी बोलत नाही असं नाही. रजेच्या अर्जात चार वेळा सासरा मारला मी. पण ते मॅडमले माहीत राहे."

"हे खोटं बोलणं नाही, काका. हे नुसतं बसणं आहे."

"बसतो मंग," ते म्हणाले. "पण कोणी काही विचारलं तं मले जे माहीत असन ते सांगीन. माहीत नसन ते नाई सांगणार."

मला वाटलं, एवढं तर चालेल.

मी ओळख करून दिली. "चौतीस वर्षं मानवी मेंदूच्या सहवासात घालवलेले सुखदेव तायडे." फलकावर केळकर लिहिलं होतं आणि मी तायडे म्हणाले, पण एवढ्या माणसांपैकी एकानंही शंका काढली नाही. टाळ्या पडल्या. जोगळेकर तेवढे भुवई उंचावून फलकाकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे पाहून गोड हसले.

पहिली दहा मिनिटं मीच बोलले. अमेरिका, विद्यापीठ, उंदीर. तायडेकाका मॉडेल मांडीवर घेऊन शांत बसले होते. मग पहिल्या रांगेतल्या एका क्लासवाल्या सरांनी हात वर केला.

"डॉक्टरसाहेब, तुमच्या हाताखालून किती मेंदू गेले असतील?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण काका माइकजवळ सरकले होते. "पाचशेच्या वर. मोजले नाई मी. पण दरसाल पंधरा-सोळा धरा."

सभागृहात "बाप रे" असा हलका आवाज झाला.

"मग हुशार माणसाचा मेंदू कसा ओळखायचा? म्हणजे माझ्याकडं स्पर्धा परीक्षेची पोरं आहेत, त्यांना सांगता येईल."

काका विचारात पडले. खरोखर विचारात. "साहेब, मी पाचशे मेंदू हाती घेतले. या हातांनी. पानी निथळू देऊन ट्रेमध्ये मांडले. कोणाचा सव्वा किलो भरे, कोणाचा दीडच्या जवळ जाये. पण त्यातला हुशार कोणता न ढ कोणता, हे मले चौतीस सालात एकदाही समजलं नाई. सारे सारखेच दिसतात."

लोक हसले. क्लासवाले सर वहीत लिहीत होते ते थांबले.

"आणि डावा मेंदू, उजवा मेंदू?" एक मुलगी म्हणाली. "डाव्यात गणित आणि उजव्यात कला असते ना?"

माझ्या बत्तिसाव्या भागाचा तो विषय होता. मी घाईनं म्हणाले, "अगदी बरोबर, म्हणजे..."

"असन," काका म्हणाले. "मले दिसलं नाई. दोन्हीकडं सारख्याच वळकट्या. आत चित्रं काढेल नसतात."

आता सभागृह चांगलंच रंगात आलं होतं. मेंदू हाताला कसा लागतो, असं कुणी विचारलं. "ताजा असला तं खरवसासारखा. बोट रुतते. म्हणून आधी औषधाच्या पाण्यात ठिवा लागते, मंग घट्ट होते." पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पर्समधून काढलेली बर्फी परत आत ठेवली.

जोगळेकरांना मात्र राहवेना. चूर्णाचं नाव अजून एकदाही आलं नव्हतं. ते स्वतःच माइक घेऊन उभे राहिले. "सर, आपला अनुभव एवढा दांडगा आहे. मेधाझेपसारखं शास्त्रशुद्ध चूर्ण नियमित घेतल्यास स्मरणशक्तीला लाभ होतो, याबद्दल आपण श्रोत्यांना काय सांगाल?"

काकांनी टेबलावरचा डबा उचलला, चष्मा कपाळावर सरकवून मागचं बारीक वाचलं. "हे पोटात घ्यायचं न?"

"हो, दुधातून."

"पोटाचं मले माहीत नाई," काका म्हणाले आणि डबा खाली ठेवला. "माह्या टेबलावर पोट वेगळं येते."

लोक खुर्च्या बडवून हसले. जोगळेकरसुद्धा हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. मी घड्याळाकडे पाहिलं. पंचवीस मिनिटं उरली होती. अजून पंचवीस मिनिटं कुणी काही भलतं विचारलं नाही तर निभावलं, असं मी मनाशी म्हणत होते.

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक चाळिशीचे गृहस्थ उठले. साधा शर्ट, हातात मोटारसायकलचं हेल्मेट. "नमस्कार. मी दीपक भटकर, बाळापूरहून आलोय. केतकी मॅडमचा एकही भाग मी सोडत नाही." त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. "डॉक्टरसाहेब, माझी आई बहात्तर वर्षांची आहे. तिला बीपीची गोळी चालू होती. मॅडमनी एका भागात सांगितलं होतं की गोळ्यांनी मेंदू सुस्तावतो आणि नैसर्गिक गोष्टींनी तल्लख राहतो. म्हणून आम्ही दीड महिन्यापासून गोळी बंद केली, चूर्ण चालू केलं. दोन दिवस तिचं डोकं लय दुखून राह्यलं. तर चूर्ण दोन चमचे करायचं का?"

मला तो भाग आठवला. नव्वदाच्या पुढचा कुठलातरी. गोळी बंद करा असं मी म्हणाले नव्हते. म्हणाले नव्हते, पण त्याच वाक्याच्या पुढे दीड सेकंदानं "मी स्वतः रोज मेधाझेप घेते" म्हणाले होते. काहीतरी बोलायला हवं होतं आणि माझ्या तोंडात फक्त अमेरिकेतलं विद्यापीठ येत होतं.

तायडेकाकांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग मॉडेल कोचावर ठेवून ते उभे राहिले.

"दादा, थांबा. मी डॉक्टर नाई."

कुणीतरी हसलं. त्यांना तोही विनोदच वाटला.

"खरंच नाई. मी मेडिकलमध्ये परिचर आहो. चतुर्थ श्रेणी. मी हे मॉडेल घेऊन आलतो, या साहेबांनी शाल घातली, मले वाटलं कार्यक्रमात साऱ्यांले घालत असतीन." त्यांनी शाल काढून घडी केली. "तुमच्या आईची गोळी ज्या डॉक्टरनं देल्ली त्याले फोन लावा. आता लावा. उद्या नाई. बाहीर जाऊन लावा, मी इथंच हाओ."

भटकर तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मी व्यासपीठावरून उतरले, त्यांच्यापर्यंत गेले आणि म्हणाले, "काका बरोबर सांगतात. माझं चुकलं. मला यातलं काही कळत नाही. चला, आपण फोन लावू."

आम्ही दाराबाहेर जाऊन फोन लावला. डॉक्टरांनी आधी भटकरांना शिव्या दिल्या. मग मला फोनवर बोलावून मला दिल्या. मग म्हणाले, आत्ताच्या आत्ता आईला घेऊन या. भटकरांनी घरी भावाला फोन केला, हेल्मेट घातलं आणि ते निघाले. जाताना म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वतः खरंच घेता का ते?"

"तीन दिवस घेतलं," मी म्हणाले.

त्यांनी गाडीला किक मारली आणि गेले.

आत येताना मला वाटलं होतं की सभागृह निम्मं रिकामं असेल. जोगळेकर दारातच भेटले, बॅग घेऊन. "कायदेशीर बाबी आमचे लोक बघतील," एवढं म्हणून ते तडक गेले. पण लोक गेले नव्हते. कुजबुज चालली होती आणि काका माइकसमोर उभे होते, परीक्षेला चुकीच्या वर्गात येऊन बसलेल्या माणसासारखे.

"मग तुम्ही तिथं नेमकं करता काय?" क्लासवाले सर विचारत होते. आवाजात राग होता, पण उत्सुकताही होती.

"देहदान झालेले देह येतात, त्यांची राखण करतो. धुणं, पुसणं, पोरांसाठी टेबलावर ठिवणं. सुट्टी झाली का झाकणं. सकाळी कुलूप मीच उघडतो. लाइट लावायच्या आधी दारातून आवाज देतो, 'मास्तर, मी आलो.'"

"का?"

"अंधारात एकदम कोणी दचकू नये म्हणून."

"कोण, ते?"

"मी."

पुन्हा हशा पिकला. या वेळी मीही हसले, दाराला टेकून. त्या हशातच डाव्या बाजूच्या एक वयस्कर बाई उठल्या. कॉटनची कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पिशवी. हसू विरेपर्यंत त्या उभ्याच राहिल्या.

"मी सुमती गोळे. शाळेत शिकवत होते. आमच्या ह्यांचं देहदान तुमच्याच कॉलेजला केलं होतं. नऊ वर्षं झाली. मुलांना ते आवडलं नव्हतं, पण ह्यांनी लिहूनच ठेवलं होतं." त्यांनी पिशवीचा बंद सारखा केला. "तेव्हा सही घेतली, पावती दिली, गाडी गेली. नंतर कुणाला विचारावं हे मला कळलं नाही. तुम्ही आज भेटलात म्हणून विचारते. त्यांना तिथं नीट ठेवलं होतं ना?"

"बाई, नाव आमच्यापर्यंत येत नाई," तायडेकाका म्हणाले. "नंबर येते. त्यामुळं तुमचे मिस्टर कोणते, हे मी सांगू शकत नाई, आन खोटं सांगणार नाई. पण नऊ सालांपूर्वी मीच होतो तिथं. दुसरं कोणी नव्हतं. जे आले ते एक सालभर माह्याच हाती होते. थंडीत मी पहिले हात चोळून गरम करतो, मंग हात लावतो. पोरांनी कोणी चेष्टा केली तं त्याले बाहीर काढतो, मंग तो कोणाचा का पोरगा असंना. तुमचे मिस्टर त्यात होते."

गोळेबाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "तुम्ही त्यांना मास्तर म्हणता?"

"शिकवतात न ते. पोरांचे पहिले मास्तर तेच."

"मास्तर मी होते हो," बाई म्हणाल्या. "ते पाटबंधारे खात्यात होते. जन्मभर मला चिडवायचे, तू एवढी घसा फोडून शिकवतेस, पोरं ऐकतात का तुझं?" त्या थांबल्या. "त्यांचं ऐकत होती का?"

"हाव," काका म्हणाले. "पहिल्या दिवशी दोघं-तिघं चक्कर येऊन पडतात, दरसालचं हाय ते. पण दुसऱ्या दिवसापासून टाचणी पडली तं ऐकू येते. तेवढं जिवंत मास्तरचं कोणी ऐकत नाई, बाई. माफ करा."

गोळेबाई हसल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला, आणि तो त्यांनी बराच वेळ काढला नाही. शेजारच्या अनोळखी बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी व्यासपीठावर गेले आणि रेकॉर्डिंग बंद केलं.

मॉडेल परत न्यायला आम्ही रिक्षा केली. काका मांडीवर लाल गाठोडं घेऊन बसले होते. शाल त्यांनी सभागृहातच ठेवली होती.

"काका, माझ्यामुळे तुमची फजिती झाली," मी म्हणाले.

"माही नाई झाली. तुमची झाली."

मी विचारलं, "चौतीस वर्षांत तुम्ही हे कुणाला का नाही सांगितलं? दचकायचं, हात गरम करायचं..."

"कोणी विचारलं नाई," ते म्हणाले. "तुम्ही बी नाई. तुम्ही मॉडेल किती वाजता येईन तेवढंच विचारलं."

घरी गेले तर बाबांना बातमी आधीच पोचली होती. सोमवारी मी देवघरातला फॉर्म भरला. बी.एड. केलं, आज नववी-दहावीला विज्ञान शिकवते आणि पोरं माझं फारसं ऐकत नाहीत. पॉडकास्टचे जुने नव्व्याण्णव भाग मी त्याच आठवड्यात काढून टाकले. पाच हजारांतले चार हजार श्रोते गेले. शंभरावा ठेवला.

पुढचा रविवार उजाडला तेव्हा मी बसनं बाळापूरला गेले. भटकरांनी दार उघडलं, मला पाहून त्यांचा चेहरा काही फुलला नाही, पण आत घेतलं. त्यांच्या आई, अनसूयाबाई, खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. गोळी पुन्हा सुरू झाली होती, डोकं दुखायचं थांबलं होतं. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "लागली का तुले भूक?"

जेवण झाल्यावर अनसूयाबाई पुन्हा लसूण सोलायला बसल्या आणि मी माइक काढला. काय बोलायचं ते मी काहीच लिहून नेलं नव्हतं. मी म्हणाले, "मावशी, तुमच्या डोक्यात काय चाललेलं असतं दिवसभर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू हा प्रश्न त्यांना बहात्तर वर्षांत कुणी विचारलाच नव्हता. लसणाची पाकळी बाजूला ठेवली. आणि मग त्या एक तास दहा मिनिटं बोलल्या. भटकर हातातलं काम सोडून उंबऱ्यात येऊन बसले, कारण त्यातलं निम्मं त्यांनाही माहीत नव्हतं. त्या सबंध वेळात मी दोनदाच बोलले. दोन्ही वेळा म्हणाले, "मग?"